एकमय होण्याची वाट : बागलाणातून पाहिलेली राष्ट्राची घडण

राष्ट्रवादाचा इतिहास आपण बहुतेक वेळा राजधान्यांमधून वाचतो. पॅरिसमधली क्रांती, बर्लिनमधला बिस्मार्क, दिल्लीतली संविधान सभा असा तो सांगितला जातो. पण राष्ट्र शेवटी खेड्यात पोचावे लागते. तिथे ते सातबाऱ्यावर, शाळेच्या फळ्यावर, जंगलाच्या हद्दीवर आणि बाजार समितीच्या लिलावात भेटते. नाशिक जिल्ह्याच्या बागलाण तालुक्यात मोसम नदीच्या काठी नामपूर हे बाजारगाव आहे. घरात अहिराणी, शाळेत प्रमाण मराठी आणि मालेगावच्या व्यापाऱ्याशी हिंदी-उर्दू हा इथला रोजचा व्यवहार आहे. पश्चिमेला साल्हेर-मुल्हेरचे डोंगर, त्यांच्या पलीकडे गुजरातचा डांग, उत्तरेला धुळे जिल्हा. राष्ट्र, राज्य, भाषा आणि सीमा यांचा कोणताही मोठा प्रश्न घ्या, त्याचा एक तरी धागा या पट्ट्यात सापडतो. म्हणूनच दोन शतकांच्या राष्ट्रघडणीचा आढावा इथून घ्यावासा वाटतो.

राजाचे राज्य

सोळाव्या शतकाच्या अखेरीस बागलाणवर मुल्हेरच्या बागूल राजांची सत्ता होती. मुल्हेरच्या टांकसाळीत महमुदी नाणी पडत. १५९६ मध्ये रुद्रकवीने नारायणशहाच्या आश्रयाने ‘राष्ट्रौढवंशमहाकाव्य’ हे संस्कृत काव्य रचले. ते एका घराण्याची कीर्ती सांगते. त्या काळच्या राज्याची कल्पनाच तशी होती : राज्य म्हणजे राजाचा वंश, त्याचे गड आणि त्याचा वसूल. १६३८ मध्ये औरंगजेबाच्या फौजेने बागलाण जिंकले आणि बागूल राजा मोगलांचा मनसबदार झाला. रयतेच्या दृष्टीने सारा घेणारा धनी बदलला.

लोकांना एकत्र बांधणारी व्यवस्था वेगळीच होती, आणि ती नदीकाठी होती. मोसम, आराम, पांझरा या नद्यांवर शेतकऱ्यांनी बंधारे घातले आणि फड पद्धत चालवली. कालव्याखालची जमीन फडांमध्ये वाटलेली असे आणि एका फडात एका हंगामाला एकच पीक घेतले जाई. पाटकरी पाणी देई, जागल्या पिकाची राखण करी, आणि पाण्याची पाळी व बंधाऱ्याची डागडुजी शेतकऱ्यांचे पंच ठरवत. टंचाईच्या वर्षी कोणता फड भिजवायचा आणि कोणता पडीक ठेवायचा, हेही सगळ्यांनी मिळून ठरत असे. राजे आले आणि गेले, फड टिकले. सामूहिक निर्णयाची सवय आपल्याकडे लोकशाहीच्या आधीपासून होती, याचा हा पुरावा आहे. मात्र ही सवय जमीनधारकांपुरती होती. फडात ज्याची जमीन नव्हती, त्याला पंचांत जागा नव्हती.

याच भूमीवर फेब्रुवारी १६७२ मध्ये साल्हेरची लढाई झाली. मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर यांच्या फौजांनी मोगलांचा उघड्या मैदानात पराभव केला आणि सूर्यराव काकडे तिथे कामी आले. मोगलांच्या बाजूने लढताना अमरसिंह चंदावत हा राजपूत सरदारही पडला. हे मुद्दाम सांगायचे कारण असे, की आजच्या राष्ट्रांच्या रेघा त्या काळच्या सैन्यांवर ओढता येत नाहीत. तरीही शिवाजी महाराजांच्या स्वराज्यात काही नवे होते. डोंगरातल्या साध्या घरांमधली माणसे एका राज्याला आपले मानून लढली. हे ‘आपले मानणे’ म्हणजे राष्ट्र की राष्ट्राची पूर्वतयारी, यावर पुढे दोनशे वर्षे वाद झाला आणि तो आपल्या विचारविश्वातला फार मोलाचा वाद आहे.

मोजणी, जंगल आणि फाटलेले राज्य

जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहाने होळकरांनी खानदेश इंग्रजांना दिला. त्यानंतरही मालेगावच्या किल्ल्यातल्या अरब शिबंदीने इंग्रजांना जवळपास महिनाभर झुंजवले. किल्ला पडला आणि या भागात आधुनिक राज्य आले. ते प्रथम मोजणीच्या साखळीच्या रूपाने आले. जमिनीच्या तुकड्याला नंबर मिळाला, नंबराला मालक आणि मालकाला आकार. १८५२ मध्ये या मोजणीविरुद्ध सावदा, फैजपूर आणि एरंडोल इथे शेतकरी उठले आणि सरकारने लष्कर आणून त्यांना दाबले. १८६९ मध्ये नाशिक जिल्हा झाला आणि बागलाण, मालेगाव हे खानदेशाचे तालुके त्यात आले. बोली, बाजार आणि सोयरीक खानदेशाशी, कचेरी मात्र नाशिकला. प्रशासनाने आखलेली हद्द माणसांच्या नात्यांच्या हद्दीशी जुळेलच असे नसते, हे बागलाणला तेव्हापासून माहीत आहे.

डोंगरात राज्य आणखी कठोर रूपात आले. १८२५ मध्ये औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने खानदेशात भिल्ल पलटण उभारली आणि भिल्लांकरवीच भिल्लांचा बंदोबस्त सुरू केला. १८४२ मध्ये डांगच्या राजांकडून जंगलाचे पट्टे लिहून घेतले गेले. १८७१ च्या कायद्याने काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरल्या आणि १८७८ च्या वन कायद्याने जंगल सरकारी झाले. पिढ्यान्‌पिढ्या ज्या रानात मोहाची फुले वेचली, तिथे लाकूडफाटा आणणे गुन्हा झाले.

त्या काळी लोक आणि राज्य यांच्यात केवढी दरी होती, हे सटाण्याच्या देवमामलेदारांच्या आठवणीतून कळते. यशवंतराव भोसेकर हे तिथले मामलेदार. १८७०-७१ च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना भुकेल्यांसाठी उघडला, असे परंपरा सांगते. सटाण्यात आज त्यांचे मंदिर आहे आणि यात्रा भरते. खजिना आपल्या पोटासाठी उघडू शकतो, ही गोष्ट लोकांना दैवी वाटली, इतके ते राज्य परके होते.

युरोपशी इथे मोठा फरक पडतो. इतिहासकार युजेन वेबर यांनी दाखवले आहे, की फ्रान्सच्या खेड्यांतला शेतकरी प्रामुख्याने १८७० ते १९१४ या काळात शाळा, सैन्यभरती, रस्ते आणि रेल्वे यांमुळे खऱ्या अर्थाने फ्रेंच झाला. इटलीचे एकीकरण १८६१ मध्ये झाले, तेव्हा प्रमाण इटालियन बोलणारे लोक अडीच टक्क्यांच्या आसपास होते, असा भाषाशास्त्रज्ञ तुल्लिओ दे माउरो यांचा अंदाज आहे. म्हणजे तिथेही राष्ट्र तयार मिळाले नाही, राज्ययंत्रणेने ते घडवले. आपल्याकडे शाळा, रेल्वे, जनगणना ही सगळी यंत्रणा आली, पण ती परक्याच्या हातात होती. म्हणून राष्ट्र घडवण्याचे काम राज्याबाहेर, समाजात सुरू झाले. छापखाने, सभा, उत्सव, व्याख्याने आणि तुरुंग ही त्याची ठिकाणे झाली.

राष्ट्र कोणाचे?

या कामात नाशिक जिल्ह्याचा वाटा मोठा आहे. महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८४२ मध्ये निफाडचा. १९०० मध्ये त्यांचे मराठी सत्तेच्या उदयावरचे इंग्रजी पुस्तक आले. ग्रँट डफने १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास स्वाऱ्या आणि लढायांच्या अंगाने लिहिला होता. रानड्यांनी त्याला उत्तर दिले. संतांनी समाज ढवळला, भाषेला प्रतिष्ठा दिली, जातींना जवळ आणले आणि त्या जागृतीतून स्वराज्य उभे राहिले, अशी त्यांची मांडणी. त्यांच्या मते ती एका वीराची कथा नव्हती, संपूर्ण लोकसमूहाच्या उठावाची होती.

जोतीराव फुल्यांनी १८६९ मध्येच शिवाजी महाराजांवर पोवाडा रचून त्यांना कुळवाड्यांचा राजा म्हणून उभे केले होते. ‘सार्वजनिक सत्यधर्म’ या १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्यांनी राष्ट्राच्या प्रश्नाला थेट हात घातला. शूद्र, अतिशूद्र, भिल्ल, कोळी हे सगळे शिकून विचार करण्याजोगे होत नाहीत आणि सर्व मिळून ‘एकमय’ लोक होत नाहीत, तोपर्यंत राष्ट्र होऊ शकत नाही, असे त्यांचे म्हणणे. भिल्ल आणि कोळी यांची नावे घेऊन राष्ट्राची कसोटी सांगणारा इतका स्पष्ट आवाज त्या काळात दुर्मिळ होता. फ्रान्समध्ये एर्नेस्ट रेनाँ यांनी १८८२ च्या व्याख्यानात राष्ट्र हा लोकांचा रोजचा कौल आहे, अशा अर्थाचा विचार मांडला. फुल्यांनी त्याच्या आधीची पायरी विचारली : ज्यांना माणूस म्हणून मोजलेच नाही, त्यांचा कौल कोण घेणार?

तिसरा प्रवाह नाशिकच्याच भगूरचा. विनायक दामोदर सावरकरांनी १८९९ च्या सुमारास मित्रमेळा सुरू केला आणि १९०४ मध्ये त्यातून अभिनव भारत उभी राहिली. इटलीच्या मॅझिनीच्या आत्मचरित्राचा त्यांचा मराठी अनुवाद १९०७ मध्ये निघाला आणि सरकारने तो जप्त केला. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. पुढच्या एप्रिलमध्ये कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना ठाण्याला फाशी झाली. त्या तरुणांच्या त्यागाबद्दल आदर वाटल्याशिवाय राहत नाही. पुढे १९२३ च्या ‘हिंदुत्व’ या ग्रंथात सावरकरांनी पितृभूमी आणि पुण्यभूमी ही राष्ट्रीयत्वाची कसोटी लावली. या कसोटीने ज्यांची पुण्यभूमी या देशाबाहेर आहे ते शेजारी राष्ट्राच्या काठावर जातात. मालेगावच्या मागावर बसणारा विणकर कापड इथले विणतो, कर इथे भरतो आणि इथेच मातीत जातो. त्याला काठावर ठेवणारी व्याख्या बागलाणच्या अनुभवाशी जुळत नाही, असे माझे ठाम मत आहे.

चौथा आवाज डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला आणि दादासाहेब गायकवाडांनी तो पुढची काही वर्षे नेटाने चालवला. गांधीजींची दांडीयात्रा निघाली ती १२ मार्चला. दहा दिवसांच्या अंतराने दोन सत्याग्रह सुरू झाले : एक परक्या सत्तेविरुद्ध, दुसरा स्वकीयांनी बंद केलेल्या दाराविरुद्ध. १३ ऑक्टोबर १९३५ ची धर्मांतराची घोषणाही याच जिल्ह्यात, येवल्याला झाली. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात बाबासाहेबांनी बजावले, की हजारो जातींत विभागलेल्या लोकांनी आपण राष्ट्र झालो आहोत असे समजणे हा भ्रम आहे आणि जाती राष्ट्राच्या विरोधी आहेत. फुल्यांची कसोटी अशी थेट संविधानाच्या दारात पोचली.

माणसे रस्त्यावर आली

विचार पुस्तकात राहिले असते तर राष्ट्र घडले नसते. मालेगावात उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या मोमीन विणकरांची मोठी वस्ती होती. खिलाफत आणि असहकाराच्या लाटेत ती ढवळून निघाली. २५ एप्रिल १९२१ रोजी तिथे मोठा दंगा झाला, एक पोलीस अधिकारी मारला गेला आणि पुढे काही जणांना फाशी झाली. इस्तंबूलच्या खलिफासाठी मोसमकाठचा विणकर रस्त्यावर यावा आणि तीन वर्षांच्या आत, ३ मार्च १९२४ रोजी, तुर्कस्ताननेच राष्ट्रवादाच्या नावाने खिलाफत बरखास्त करावी, हा विसाव्या शतकातला एक विलक्षण प्रसंग आहे. तरीही या चळवळीने मालेगावचा विणकर आणि हिंदू शेतकरी यांना काही काळ एका झेंड्याखाली आणले, हे विसरता येत नाही.

१९३० मध्ये मीठ न पिकवणाऱ्या डोंगराळ भागाने जंगलाचा कायदा मोडला. रायगड जिल्ह्यातल्या चिरनेरला २५ सप्टेंबरला गोळीबार झाला. कळवण-बागलाणच्या पट्ट्यात चणकापूरचा जंगल सत्याग्रह गाजला. आदिवासी आणि शेतकरी इथे गवत कापायला, लाकूड तोडायला गेले. त्यांच्यासाठी स्वराज्याचा अर्थ रानावरचा हक्क हा होता आणि तो अर्थ शहरातल्या पुढाऱ्यांच्या अर्थापेक्षा कमी मोलाचा नव्हता.

खानदेशातल्या अंमळनेरला शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी या दोन्ही अर्थांना जोडण्यासाठी आयुष्य वेचले. नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली. मे १९४७ मध्ये, स्वातंत्र्य तीन-साडेतीन महिन्यांवर असताना, पंढरपूरचे मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून त्यांनी उपोषण केले. आंतरभारतीची त्यांची कल्पनाही याच तळमळीतली : भारतातल्या भाषांनी एकमेकींना ओळखावे, म्हणजे राष्ट्र मनाने एक होईल.

भाषेची रेघ आणि डांग

१९२० च्या नागपूर अधिवेशनात काँग्रेसने आपल्या प्रांतिक समित्या भाषावार केल्या. स्वातंत्र्यानंतर मात्र फाळणीच्या धास्तीने दिल्ली भाषिक राज्यांना कचरत होती. पोट्टी श्रीरामुलू यांच्या बलिदानानंतर १९५३ मध्ये आंध्र झाले. महाराष्ट्राला १ मे १९६० पर्यंत थांबावे लागले आणि शंभरावर हुतात्मे द्यावे लागले. त्या दिवसाचा आनंद खरा होता, आणि भाषिक राज्यांमुळे देश फुटेल ही भीती खोटी ठरली, हेही नमूद केले पाहिजे. शेजारच्या पाकिस्तानने बंगालीला दुय्यम ठेवले आणि १९७१ मध्ये त्याचे दोन देश झाले. भाषेला मान देणारे राष्ट्र टिकते, हा धडा दक्षिण आशियाने जगाला दिला.

पण या रेघेच्या टोकाला डांग आहे. साल्हेरवर उभे राहिले की पश्चिमेला दिसते ते त्याचे जंगल. १९४९ मध्ये मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर आणि मोरारजी देसाई तिथे जाऊन आले आणि डांगची बोली गुजरातीची, असा कौल त्यांनी दिला. महाराष्ट्राच्या बाजूने ती मराठीची असल्याचे पुरावे मांडले गेले. १९५१ च्या जनगणनेतल्या भाषेच्या आकड्यांवरून वाद पेटला. अखेर १९६० मध्ये डांग गुजरातेत गेला. दोन्ही बाजूंनी विद्वान बोलले, डांगी माणसाला त्याच्याच शब्दांत कोणी फारसे विचारले नाही.

अहिराणीचेही थोडे तसेच. ग्रिअर्सनच्या भाषा सर्वेक्षणात खानदेशीला भिल्ली भाषांच्या खंडात जागा मिळाली. भारतीय जनगणना खानदेशी मराठीहून वेगळी मोजते आणि २०११ मध्ये तिचे भाषक सुमारे १८ लाख ६० हजार निघाले. खानदेश आणि बागलाणातला बोलता पसारा पाहता हा आकडा फार लहान वाटतो, कारण विचारले की बहुतेक जण मातृभाषा मराठीच सांगतात. त्यात फसवणूक नाही. अहिराणीतला ‘मना’ आणि मराठीतला ‘माझा’ हे दोन्ही शब्द एकाच माणसाचे आहेत आणि त्याला त्यात अडचण वाटत नाही. अडचण येते ती फॉर्मवरच्या एका चौकटीत एकच खूण करायची असते तेव्हा.

आजचे राष्ट्र-राज्य

१९४५ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे ५१ सभासद होते, आज १९३ आहेत. साम्राज्ये गेली आणि राष्ट्र-राज्य हा जगाचा एकमेव मान्य साचा झाला. भारताचा पासपोर्ट नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यात छापला जातो आणि शेजारच्याच कारखान्यात १९२८ पासून नोटा छापल्या जातात. मुल्हेरच्या महमुदीपासून इथवर बागलाणचा माणूस रयतेचा नागरिक झाला. त्याच्याकडे मत आहे, हक्क आहे, न्यायालय आहे. हे यश लहान नाही.

पण राज्याचा हात लांब झाला तसा त्याचा भारही वाढला. ८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. लासलगावपासून नामपूरपर्यंत लिलावाच्या ओट्यावर भाव कोसळले. ती बंदी ४ मे २०२४ ला उठली, पण ४० टक्के शुल्क लावून. पुढे ते २० टक्क्यांवर आले आणि एप्रिल २०२५ पासून रद्द झाले. भारतीय कांद्याचे मोठे गिऱ्हाईक बांगलादेश राहिला आहे. म्हणजे १९४७ आणि १९७१ मध्ये दूर पूर्वेला ओढलेल्या सीमा इथल्या ट्रॅक्टरमधल्या मालाची किंमत ठरवतात. शहरातल्या ग्राहकाला स्वस्त कांदा मिळावा ही राष्ट्राची जबाबदारी आहे, पण तिची किंमत एकट्या उत्पादकाने का मोजावी, हा प्रश्न देशभक्तीच्या विरोधातला नाही. तो राष्ट्रातल्या समान वाट्याचा प्रश्न आहे.

आदिवासी पट्ट्यात हाच प्रश्न जमिनीचा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने १८७८ चा अन्याय दुरुस्त करण्याचे वचन दिले. त्या वचनाच्या पूर्ततेसाठी मार्च २०१८ मध्ये हजारो आदिवासी शेतकरी नाशिकहून मुंबईपर्यंत रक्ताळल्या पायांनी चालत गेले. राजधानीत पोचून त्यांनी आपला कायदेशीर हक्क मागितला. राष्ट्रावर एवढा विश्वास दाखवणारी कृती दुसरी कोणती असेल? उलट २०२२ च्या अखेरीस सुरगाणा तालुक्यातल्या सीमेवरच्या गावांनी रस्ते, पाणी, दवाखाना मिळत नसेल तर आम्हाला गुजरातेत जाऊ द्या, असे म्हटले. १९४८ पर्यंत सुरगाणा हे छोटे संस्थान होते. विलीनीकरणाला पाऊणशे वर्षे झाल्यावरही ही मागणी यावी, हे महाराष्ट्राने मनाला लावून घ्यायला हवे होते. काही दिवस बातम्या झाल्या आणि विषय मागे पडला.

निष्कर्ष

राष्ट्रवादाच्या अभ्यासकांमध्ये मोठे मतभेद आहेत. बेनेडिक्ट अँडरसन यांनी छापील शब्दांतून उभ्या राहणाऱ्या कल्पित समुदायावर भर दिला, अर्नेस्ट गेल्नर यांनी उद्योग आणि शिक्षणावर, पार्थ चटर्जी यांनी वसाहतीतल्या समाजाच्या स्वतःच्या सांस्कृतिक अवकाशावर. बागलाणच्या अनुभवाला या तिघांचेही थोडे थोडे लागू पडते. परंतु आपल्यासाठी सर्वांत उपयोगी कसोटी अजूनही फुल्यांचीच आहे. रानड्यांनी राष्ट्राला स्मृती दिली, क्रांतिकारकांनी धगधगती निष्ठा दिली, गांधीजींनी सामान्य माणूस रस्त्यावर आणला, आंबेडकरांनी संविधानातून समान हक्क दिला. यातला शेवटचा भाग अपुरा राहिला तर आधीचे सगळे अधुरे राहते.

जुलै २०२५ मध्ये साल्हेर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. रायगड, राजगडासह मराठ्यांच्या बारा किल्ल्यांमध्ये त्याचा समावेश झाला, याचा अभिमान बागलाणला असलाच पाहिजे. आता त्या गडाच्या पायथ्याच्या पाड्यांवर रस्ता, शाळा, दवाखाना आणि वनपट्टा पोचला पाहिजे. माझे या भागातल्या शिक्षकांना, ग्रामपंचायतींना आणि तरुणांना एक सांगणे आहे. २६ जानेवारी आणि १ मेच्या ग्रामसभेत झेंडावंदनानंतर घरी जाऊ नका. गावात कोणाचा वनहक्काचा दावा रखडला आहे, कोणाचे नाव कोणत्या यादीत नाही, कोणाच्या मुली शाळेत येत नाहीत, याची नावानिशी नोंद करा आणि पुढच्या ग्रामसभेत तिचा हिशेब मागा. ज्या गावात हा हिशेब कोरा होईल, तिथे राष्ट्र खऱ्या अर्थाने पोचले असे म्हणता येईल.